खाचेत काहीतरी होते

स्फटिक प्रथिनाचा आहे की मिठाचा, हे ओळखण्याची एक जुनी आणि काहीशी निर्दय रीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबातल्या स्फटिकाला बारीक सुईचे टोक टेकवायचे आणि हलकेच दाबायचे. प्रथिनाचा स्फटिक असेल तर तो मुकाट्याने चुरतो, कारण त्याचे जवळपास निम्मे अंग पाण्याचेच असते. मिठाचा असेल तर तो आधी दाद देत नाही आणि मग ‘कट्’ होते, जे कानांपेक्षा बोटांनाच अधिक कळते. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत असताना अकरा महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर माझ्या वाट्याला ते ‘कट्’ आले. चोवीस खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्याच्या कडेवर सिरिंजने ग्रीसचे वळे काढायचे, काचेच्या चकतीवर दोन मायक्रोलिटर प्रथिन आणि तेवढेच द्रावण यांचा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून खळग्यावर अलगद दाबायची आणि दिवस मोजत बसायचे, असा तो उद्योग होता; लोडशेडिंगच्या काळात जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागे, तेवढ्यातही जीव त्या थेंबांत अडकलेला असे. एके सकाळी तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या थेंबात एक लखलखीत, कोन धरलेला स्फटिक दिसला. मी त्यात निळा रंग सोडला. प्रथिनाचा स्फटिक आपल्या अंगातल्या पाण्याच्या वाटांनी रंग पिऊन निळा होतो. माझा स्फटिक स्वच्छच राहिला. एवढे दिसल्यावर सुई टेकवायची गरज नव्हती, तरी मी टेकवली. माझ्या द्रावणातले फॉस्फेट आणि खळग्यातले कॅल्शियम यांनी परस्पर सोयरीक जमवली होती आणि माझे प्रथिन त्या कार्याला हजरही नव्हते.

त्या दुपारी मी ग्रंथालयात जाऊन ८ ऑक्टोबर १९८७ च्या ‘नेचर’च्या अंकात पाठोपाठ छापलेले दोन शोधनिबंध पुन्हा काढले. पुन्हा म्हणते ते एवढ्यासाठीच की त्यांतली मुख्य आकृती एम.एस्सी.पासून पाठ होती, परीक्षेत ती काढून गुणही मिळवले होते. निबंध मात्र कधी नीट वाचले नव्हते. दोन्हींवर पहिले नाव होते पामेला ब्यॉर्कमन यांचे, आणि विषय होता ‘एचएलए-ए२’ या माणसाच्या पेशीवरच्या प्रथिनाची त्रिमितीय रचना. माझे स्वतःचे संशोधन पुढे भलत्याच वळणाने संपले आणि मी सांगलीत जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. पण एखादा रसिक आवडत्या गायकाच्या बैठका मनात नोंदवून ठेवतो, तसा ब्यॉर्कमन यांच्या कामाचा माग मी त्या दुपारपासून ठेवत आले आहे.

एचएलए ही अक्षरे आपल्याकडे बहुतेकांना भेटतात ती मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात. माझ्या मामाला आईने मूत्रपिंड दिले, तेव्हा टिश्यू मॅचिंगचा जो कागद घरी आला होता, त्यावर आईच्या आणि मामाच्या अशा दोन्ही रकान्यांत ‘ए-०२’ असे लिहिलेले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्या कागदाकडे पत्रिका जुळल्याच्या आनंदाने पाहिले होते. सख्ख्या भावंडांत हा संच पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, अर्धा जुळण्याची दोनात एक. परक्याचा अवयव शरीर नाकारते ते मुख्यतः याच प्रथिनांमुळे, म्हणून त्यांच्या घराण्याचे नावच ‘ऊतींचा मेळ’ या अर्थाने पडले. मात्र निसर्गाने हे रेणू शस्त्रवैद्यांची अडचण करण्यासाठी घडवलेले नसणार, हेही उघड होते. कोणत्याही प्राण्याच्या उत्क्रांतीत कोणी दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून घेतलेले नाही. मग जवळजवळ प्रत्येक पेशीने आपल्या अंगावर मिरवावे आणि माणसामाणसांत हजारो प्रकारांनी बदलावे, असे त्यांचे खरे काम तरी कोणते?

कामाचा पहिला धागा सापडला तो ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथे. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, विषाणूने बाधित झालेल्या उंदराच्या मारक टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाधित पेशींना मारतात खऱ्या, पण त्या पेशी त्याच जातकुळीच्या उंदराच्या असतील तरच. विषाणू तोच, पण पेशीवरचे हे प्रथिन परक्या वाणाचे असेल तर मारक पेशी ढिम्म हलत नाहीत. म्हणजे टी-पेशीला एकाच वेळी दोन गोष्टी पटाव्या लागतात: घर आपले आहे आणि घरात चोर आहे. यावरून पुढची दहा-बारा वर्षे वादाची गेली. टी-पेशीकडे दोन वेगवेगळे रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिने, असतात, एक आपलेपणा तपासणारा आणि एक परकेपणा, असे एका पक्षाचे म्हणणे. रिसेप्टर एकच आहे आणि त्याला दिसते ती विषाणूमुळे बदललेली आपलीच वस्तू, असे दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंकडे प्रयोग होते, आकडे होते, आलेख होते. त्या वस्तूचे प्रत्यक्ष रूप मात्र कोणीच पाहिलेले नव्हते.

ते पाहायचे काम हार्वर्डमध्ये डॉन वायली यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाले. वायली तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवरच्या प्रथिनाची रचना सोडवण्यात गुंतलेले होते. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठात जॅक स्ट्रॉमिंजर यांनी एचएलए प्रथिने शुद्ध करण्याचा मार्ग बसवला होता. ही प्रथिने पेशीच्या पटलात पाय रोवून उभी असतात आणि तो पाय तेलकट असल्यामुळे ती पाण्यात नीट राहत नाहीत, स्फटिक होणे तर दूरच. स्ट्रॉमिंजर यांच्या प्रयोगशाळेने पपईच्या चिकातल्या पपेन या विकराने तो पाय छाटून वरचे धड तेवढे मोकळे केले. आपल्याकडे मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड टाकतात, त्यामागचे विकर तेच. माणसाच्या पेशी पिंपभर वाढवायच्या, त्यांच्या अंगावरचे प्रथिन पपेनने खुडून घ्यायचे आणि हाती लागलेल्या चिमूटभर मालातून स्फटिक धरायचे, हे काम सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ब्यॉर्कमन यांच्याकडे आले. ओरेगॉन राज्यातून शिकून आलेल्या त्या एक पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या.

त्यांना पीएच.डी. मिळाली १९८४ मध्ये. रचना छापून आली १९८७ मध्ये. या दोन आकड्यांमधल्या तीन वर्षांकडे मी नेहमी थांबून पाहते. पदवी हातात पडल्यावर, अर्धवट सुटलेले कोडे पुढच्या विद्यार्थ्याच्या हवाली करून नव्या गावी नवा विषय घ्यावा, हीच या क्षेत्राची रूढ वाट आहे आणि तिच्यात गैर काहीच नाही. त्या तिथेच थांबल्या. स्फटिक लहान होते, पातळ होते आणि मोजकेच होते; क्ष-किरणांच्या माऱ्यात स्फटिक झिजतो, म्हणून प्रत्येकातून मिळेल तेवढी माहिती काढून घ्यायची आणि पुढचा घ्यायचा. त्यातही क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून लाटांची उंची कळते, पण लाट कोणत्या टप्प्यावर असताना आली ते कळत नाही. ती हरवलेली अर्धी माहिती मिळवण्यासाठी स्फटिकात पाऱ्यासारखे जड अणू शिरवून ठिपक्यांतला फरक मोजावा लागे. असे सगळे जमले की हाती येतो तो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा, म्हणजे अवकाशात कुठे द्रव्य दाट आहे आणि कुठे विरळ, याची जाळीदार आकृती. त्या जाळीत माणूस प्रथिनाची साखळी ओवत जातो. सात-आठ वर्षांच्या कष्टातून मिळालेला नकाशा ३.५ अँगस्ट्रॉम इतक्याच बारकाईचा होता. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तरी या धंद्यात ३.५ म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलेला असताना बसची पाटी वाचण्यासारखे आहे.

साखळी ओवून झाल्यावर समोर आली ती आकृती पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. खाली दोन खांब. त्यांवर आठ पट्ट्या शेजारी शेजारी मांडून केलेला एक सपाट ओटा. आणि ओट्याच्या दोन कडांना मळसूत्रासारखे पीळ दिलेले दोन कठडे. दोन कठड्यांच्या मधे एक लांबट खाच, सुमारे २५ अँगस्ट्रॉम लांब आणि १० रुंद, पेशीच्या बाहेरच्या बाजूला, टी-पेशी येऊन जिथे टेकणार तिथे, तोंड वर करून उघडी. खाच पाहिल्याबरोबर तिचे काम सुचावे इतकी ती बोलकी होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाच रिकामी नव्हती.

प्रथिनाचा प्रत्येक अवयव जागेवर बसवून झाल्यावरही नकाशात खाचेच्या आत घनतेचा एक गठ्ठा शिल्लक राहत होता. तो या साखळीचा कोणताच भाग नव्हता. स्फटिक करताना तिथे कोणी काही घातलेले नव्हते. मी स्वतः नकाशे वाचले आहेत, म्हणून सांगते: असे उरलेले ठिपके प्रत्येक नकाशात असतात, बहुतेक वेळा ते गोंगाटच असतात, आणि बारकाई कमी असली की ते इतके असतात की सगळ्यांना अर्थ द्यायला गेले तर माणूस भ्रमिष्ट होईल. काय झटकून टाकायचे आणि काय ठेवायचे, याचा निवाडा सूत्राने होत नाही. हा गठ्ठा दोन कारणांनी झटकता येण्यासारखा नव्हता. एक, तो भलत्या ठिकाणी नव्हता; नेमका खाचेत, तिच्या लांबीभर पसरलेला होता. दुसरे कारण मला आजही विलक्षण वाटते. माणसामाणसांत या प्रथिनाच्या साखळीतली जी अक्षरे, म्हणजे अमिनो आम्ले, बदलतात, ती रचनेवर खुणा करून पाहिली असता त्यांतली बहुसंख्य खाचेच्या तळाशी आणि भिंतींवर येऊन पडत होती. म्हणजे ज्या भेदामुळे एकाचे मूत्रपिंड दुसऱ्याला चालत नाही, तो भेद मुळात या खाचेत काय मावेल आणि काय मावणार नाही याचा भेद आहे. मामाच्या कागदावरचा ‘ए-०२’ हा अखेर एका खाचेच्या आकाराचा क्रमांक होता.

गठ्ठा धूसर का होता, याचे उत्तरही त्या धूसरपणातच होते. क्ष-किरणांना एकच रेणू दिसत नाही. स्फटिकातल्या अब्जावधी रेणूंची सरासरी दिसते. एकाच साच्याच्या हजार वाट्या घेतल्या, कोणत्या वाटीत आमटी, कोणत्या खीर, कोणत्या कोशिंबीर असली, आणि त्या सगळ्यांची छायाचित्रे एकमेकांवर ठेवली, तर वाटीची कड रेखीव दिसेल आणि आतला पदार्थ करडा ढग. पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, या खाचेत ठेवून बाहेर मांडते. धान्याच्या पोत्यातून मूठभर वानगी काढून दारात ठेवावी तसे. निरोगी पेशीची वानगी घरचीच असते. विषाणू शिरला की त्याच्या प्रथिनांचे तुकडेही वानगीत येतात, आणि टी-पेशी खाच व तुकडा यांचा जो एकत्रित पृष्ठभाग बनतो तो चाचपून पाहते. असे तुकडे पुरतात, हे ऑक्सफर्डमध्ये ॲलन टाउनसेंड यांनी त्याच सुमारास प्रयोगाने दाखवलेही होते. एक रिसेप्टर की दोन, हा वाद त्या आकृतीपुढे शांत झाला. कोणी वादात जिंकले म्हणून नव्हे, तर ‘आपले’ आणि ‘परके’ या दोन वस्तू एकाच पृष्ठभागाचे भाग आहेत हे दिसल्यामुळे. त्या अनोळखी ढगातले तुकडे वेगळे करून वाचायला मग आणखी काही वर्षे लागली. १९९१ मध्ये जर्मनीत हान्स-गेऑर्ग रॅमेन्झे यांच्या गटाने ते खाचेतून धुऊन काढले आणि बहुतेक तुकडे आठ ते दहा अक्षरांचे, त्यांतही नऊ अक्षरांचे अधिक, असे निघाले.

ब्यॉर्कमन पुढे स्टॅनफर्डला मार्क डेव्हिस यांच्याकडे गेल्या आणि १९८८ मध्ये दोघांनी टी-पेशीचा रिसेप्टर त्या ओट्यावर कसा बसत असेल याचा अंदाज मांडला: रिसेप्टरचा सर्वांत बदलता भाग मधोमध, तुकड्याच्या डोक्यावर, कमी बदलते भाग दोन कठड्यांवर. प्रत्यक्ष जोडीची रचना सुटायला १९९६ उजाडले. रिसेप्टर थोडा तिरका बसतो, एवढे सोडले तर अंदाज खरा निघाला. वायली २००१ च्या नोव्हेंबरात मेम्फिस येथे मिसिसिपी नदीच्या पुलावरून पडून गेले, वय ५७.

पुरस्कारांविषयी एक कडवट वाक्य लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार १९९४ मध्ये वायली आणि ब्यॉर्कमन या दोघांना मिळाला. पुढच्या वर्षीचा लास्कर पुरस्कार या विषयासाठी पाच जणांना दिला गेला, त्यांत वायली होते, स्ट्रॉमिंजर होते, झिंकरनागेल आणि डोहर्टी होते, ब्यॉर्कमन नव्हत्या. १९९६ चे नोबेल कॅनबेराच्या जोडीला मिळाले, ते न्याय्यच होते. ज्या हातांनी स्फटिक धरला ते हात यादीत कुठवर चढतात, याला प्रत्येक समिती आपापले उत्तर देते, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन्ही याद्या दाखवते.

मला स्वतःला मात्र त्यांच्या पुढच्या कामाने अधिक भुलवले आहे. अशी आकृती वयाच्या तिशीच्या आसपास हाती लागली की माणूस आयुष्यभर तिचाच धनी होऊन बसतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्या कॅलिफोर्नियात कॅलटेक येथे गेल्या आणि विचारू लागल्या की, हाच ओटा, हेच कठडे घेऊन निसर्गाने आणखी काय काय केले आहे.

त्यातली सर्वांत सुंदर कथा दुधाची आहे. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक शेजारीपाजारी वाटण्याची आपल्याकडे रीत आहे आणि त्याचा खरवस उकडला की तो विरजणावाचून, अंड्यावाचून आपोआप धरतो. तो धरतो, कारण चिकात प्रथिने गच्च भरलेली असतात आणि त्यांतला मोठा वाटा आईच्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, असतो. वासराला ती प्रतिपिंडे जन्माआधी नाळेतून मिळत नाहीत. पहिल्या दिवसभरात आतड्याचे दार सताड उघडे असते, तेवढ्यात ती प्यावी लागतात. (खरवस खाताना हे आठवले की घास किंचित अडतो, तरी मी खाते.) उंदराच्या पिलाचे आतडे मात्र असे सताड उघडे नसते. तिथे एक रिसेप्टर दाराशी उभा राहून दुधातली प्रतिपिंडे तेवढी वेचून रक्तात सोडतो, तेही दूध सुटेपर्यंत जवळजवळ तीन आठवडे. असा रिसेप्टर असला पाहिजे, आणि प्रौढ शरीरात प्रतिपिंडांना मोडीत निघण्यापासून वाचवणाराही असाच कोणी असला पाहिजे, हे रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी साठीच्या दशकातच मांडले होते. १९८९ मध्ये त्याचा जनुक सापडला, तेव्हा तो चक्क एचएलएच्या घराण्यातला निघाला.

ब्यॉर्कमन यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याची रचना सोडवली, या वेळी २.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने. ओटा तोच, कठडे तेच. पण कठडे एकमेकांकडे इतके सरकलेले की मधली खाच मिटलेली, तिच्यात तुकडा मावणे शक्यच नाही. प्रतिपिंड बसते ते भलत्याच बाजूला. युक्ती आहे ती आम्लतेची: आतड्यातल्या किंचित आंबट वातावरणात प्रतिपिंड आणि रिसेप्टर यांच्या सांध्यावरची हिस्टिडाइन नावाची अमिनो आम्ले धनभारित होतात आणि पकड बसते, पेशीच्या पलीकडे, रक्ताच्या ७.४ सामूला तो भार उतरतो आणि पकड सुटते. आंबट बाजूला धरायचे, आणि आंबटपणा उतरला की सोडायचे. आपल्या प्रत्येकाच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत हाच व्यवहार अखंड चाललेला असतो, म्हणून रक्तातली बाकीची अनेक प्रथिने काही दिवसांत मोडीत निघतात तेव्हा हे प्रतिपिंड निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे घेते. ज्या आजारात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, तिथे हा रखवालदार अडवून ठेवला तर ती घातक प्रतिपिंडे लवकर ओसरतात. स्नायूंची ताकद हिरावणाऱ्या मायस्थेनिया ग्रॅव्हिससाठी असे पहिले औषध, एफगार्टिजिमॉड, अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाले. पिलाच्या आतड्यापासून पापणी उचलता न येणाऱ्या रुग्णापर्यंतचा हा रस्ता कोणी आधी आखला असता तर त्याला अनुदान मिळाले असते की नाही, याची मला शंका आहे.

याच घराण्यातले आणखी काही सदस्य त्यांनी हाताळले. शरीरात लोह साठत जाण्याच्या आनुवंशिक आजाराशी जोडलेले एचएफई हे त्यांतले एक. खाच मिटलेलीच, काम लोह वाहून आणणाऱ्या प्रथिनाच्या रिसेप्टरशी. रक्तातल्या आणखी एका नातलगाची रचना १९९९ मध्ये आली तेव्हा मात्र मला हसू आले: खाच उघडी, आणि तिच्यात पुन्हा एक अनोळखी गठ्ठा, पण या वेळी पेप्टाइड नसलेला.

नंतरच्या काळात त्या प्रतिपिंडांकडे वळल्या. प्रतिपिंडाला दोन हात असतात, हे आपण शाळेपासून इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात काढत आलो आहोत. ते दोन का, हे सहसा कोणी विचारत नाही. एका हाताने धरलेली वस्तू सुटली की सुटली. दोन हातांनी धरली असेल तर एक सुटला तरी दुसरा असतो, तोवर पहिला पुन्हा पकडतो. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर प्रथिनांचे शेकडो काटे दाटीने असतात, त्यामुळे दोन हातांना दोन काटे सहज सापडतात. एचआयव्हीवर सरासरी चौदाच्या आसपास काटे, तेही दूर दूर विखुरलेले. प्रतिपिंडाच्या हातांचा पल्ला जेमतेम १५ नॅनोमीटर. २०१० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने असे मांडले की, एचआयव्ही प्रतिपिंडांना दाद देत नाही त्याचे एक कारण एवढेच साधे असू शकते: तो त्यांना दुसरा हात टेकायला जागाच देत नाही. मग एकाच काट्यावर दोन्ही हात टेकतील असे काही करता येईल का? त्यासाठी प्रतिपिंडाचे दोन हात कापून वेगळे केले आणि त्यांच्यामध्ये डीएनएचा ताठ तुकडा पट्टीसारखा बसवून, तो लांब-आखूड करत योग्य अंतर शोधले. नेमक्या लांबीला परिणाम शंभरपटीहून अधिक वाढला. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. रेणूंच्या मधले अंतर मोजायला डीएनएची फुटपट्टी वापरणारी ही बुद्धी मला फार देशी वाटते. खाटेच्या सुताराकडे गज नसला तर तो वितीने मापतो.

कोविड आला तेव्हा त्यांच्या गटाने पहिल्या काही महिन्यांतच बऱ्या झालेल्या रुग्णांची प्रतिपिंडे काट्याला नेमकी कुठे बसतात ते पाहून त्यांचे चार वर्ग पाडले. आता स्फटिकाची गरजही फारशी राहिलेली नव्हती. नमुना क्षणार्धात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि हजारो विखुरलेल्या रेणूंच्या प्रतिमा जुळवायच्या. माझ्यासारखीने अकरा महिने ग्रीस लावत घालवले ते आठवून जरा मत्सर वाटतो. त्याच काळात त्यांनी लस म्हणून जी कल्पना पुढे नेली, तिच्यात दोन हातांचा विचार पुन्हा परतला आहे. साठ जागा असलेल्या एका सूक्ष्म गोळ्यावर कोरोना कुळातल्या आठ वेगवेगळ्या विषाणूंचे तुकडे सरमिसळ बसवायचे. शेजारच्या दोन जागांवर बहुधा दोन वेगळे विषाणू असतात. ज्या बी-पेशीचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीचा, रिसेप्टर एकाच विषाणूची खास खूण ओळखतो, त्याचा एक हात टेकतो आणि दुसरा अधांतरी राहतो. जो सर्वांत सामाईक असलेला भाग ओळखतो, त्यालाच दोन्ही हातांनी पकड मिळते आणि तीच पेशी पुढे वाढते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत, गोळ्यावर ज्याचा तुकडा नव्हताच अशा २००३ च्या सार्सच्या विषाणूपासूनही संरक्षण मिळाले. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. या युक्तीचा मला जो भाग आवडतो तो असा की, कोणत्या पेशीला वाढवायचे हे इथे औषधाने ठरत नाही, मांडणीने ठरते.

दरवर्षी जानेवारीत आमच्या प्रात्यक्षिकात एक दिवस रचना पाहण्याचा असतो. मुले संगणकावर रेणू उतरवून घेतात, माऊसने गरगर फिरवतात, रंग बदलतात. मद्रासला १९६३ मध्ये रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या आलेखावर साखळीचे कोन तपासतात. एचएलए-ए२ ची ती मूळची रचना मी त्यांना मुद्दाम उघडायला सांगते. आठ पट्ट्या, दोन कठडे, खालचे खांब, सगळे लखलखीत दिसते, आणि खाच रिकामी दिसते. कारण तिथे जे होते ते ओळखू आलेले नव्हते, अनेकांचे मिश्रण होते, आणि ज्याचे नाव माहीत नाही त्याचे अणू मांडता येत नाहीत. मुले लिहून घेतात: खाच, रिकामी. मग मी पिशवीतून त्या दोन निबंधांची झेरॉक्स काढते. आता ती पिवळी पडली आहे, स्टेपलच्या पिनेने कोपऱ्यावर गंजाचा डाग सोडला आहे, आणि दुसऱ्या निबंधातली घनतेची आकृती तर झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये जवळजवळ काळी झालेली आहे. ती पहिल्या बाकापासून मागे फिरत जाते. बहुतेक जण पान उलटून पुढे देतात. एखादी मुलगी थांबते, कागद खिडकीकडे धरते आणि त्या काळ्या जाळीच्या मधोमध बोट ठेवून शेजारणीला काहीतरी विचारते.